गाडीचं विचारा: नवी गाडी, पण मीटरवर 237 किलोमीटर

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी नाशिकरोडला राहते, शाळेत शिक्षिका आहे. दसऱ्याला घरी आणायची म्हणून आम्ही छोटी एसयूव्ही बुक केली. पेट्रोल, ऑटोमॅटिक, पांढरा रंग. आजवर सेकंडहँडच वापरली, त्यामुळे ही घरातली पहिली नवी गाडी. काल शोरूममधून फोन आला, "गाडी आली मॅडम, बाकीचे पैसे भरून टाका, परवा पासिंगला टाकतो." माझे यजमान बघायला गेले तर मीटरवर 237 किलोमीटर! सेल्समन म्हणाला, "ट्रान्झिट रनिंग आहे, सगळ्याच गाड्यांना असतं. तुमच्यासाठी मुद्दाम पुण्याहून मागवली." सासूबाई म्हणतात, चाललेल्या गाडीची पूजा कशाला करायची? ही टेस्ट ड्राइव्हची गाडी तर नसेल ना? घ्यावी का? घेतली तर पैसे कमी करून मागावेत का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर: ताई, तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी फोनवर तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती, की आधी पासिंग थांबवा. असं का, ते आता इथे सविस्तर लिहितो, कारण सणाच्या तोंडावर याच प्रश्नाची पत्रं हमखास येतात.

गाडी तुमच्या नावावर पास होत नाही तोवर ती डीलरची असते. "ही नको, दुसरी दाखवा" असं म्हणायला तुम्ही मोकळ्या असता आणि डीलरही ती गाडी दुसऱ्या कोणाला विकू शकतो. एकदा नंबर पडला की सगळंच फिरतं. आरसीवर पहिला मालक म्हणून तुमचं नाव चढतं. रोड टॅक्स भरला जातो. आपल्याकडे 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो 11 टक्के आहे, म्हणजे नऊ लाखांच्या गाडीमागे जवळजवळ लाख रुपये. विमाही त्याच चासी नंबरावर निघालेला असतो. मग शोरूममधला कितीही भला माणूस असला तरी तुम्हाला गाडी बदलून देणं त्याच्या हातात उरत नाही. आपली मंडळी मात्र गाडी पहिल्यांदा नीट बघतात ती डिलिव्हरीच्या दिवशी. बॉनेटवर हार, हातात पेढ्याचा बॉक्स, फोटोवाला उभा, पोरं मागच्या सीटवर चढलेली. अशा वेळी मीटर वाचायचं कोणाला सुचणार?

पूर्वी नवी गाडी पेठ रोडला आरटीओत नेऊन दाखवावी लागायची, त्यात दोन-चार दिवस जायचे. आता पूर्ण बांधणीच्या नव्या गाडीला ते लागत नाही, डीलर शोरूममध्ये बसूनच कागद ऑनलाइन चढवतो. सोय झाली हे खरंच, पण बघायला मिळणारा वेळही तेवढाच कमी झाला. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी चासी नंबर लेखी घ्यायचा, मग तीच गाडी यार्डात जाऊन बघायची, मग उरलेले पैसे, मग विमा, मग पासिंग. कर्ज असेल तर बँकेलाही कळवून ठेवा, की मी गाडी बघून हो म्हटल्याशिवाय रक्कम सोडू नका.

आता 237 कडे येऊ. नव्या गाडीचं मीटर अमुक आकड्याच्या आतच हवं, असं कायद्यात कुठे नाही. शून्य किलोमीटरची गाडी शोरूममध्ये येतच नाही. कारखान्यात ती रोलरवर चालते, पाण्याच्या फवाऱ्याखालून जाते, कंपनीच्या ट्रॅकवर फिरते. तिथून यार्ड, यार्डातून ट्रेलरवर चढणं-उतरणं, मग डीलरचं यार्ड, मग वर्कशॉपमध्ये पीडीआय म्हणजे ताब्यात देण्याआधीची तपासणी, धुणं, पंपावर पेट्रोल. नाशिकमध्ये बऱ्याच डीलरांची यार्डं गावाबाहेर असतात आणि शोरूम मुंबई नाका, पाथर्डी फाटा अशा ठिकाणी, त्यामुळे एका फेरीत दहा-बारा किलोमीटर सहज पडतात. अंबडला गॅरेज टाकण्याआधी मी बरीच वर्षं डीलरच्या वर्कशॉपमध्ये पीडीआय करत होतो. तेव्हापासून माझं मोजमाप ठरलेलं आहे. पन्नासच्या आत असेल तर विचारायचीही गरज नाही. पन्नास ते शंभरला विचारायचं. शंभरच्या वर गेलं की ती गाडी रस्त्याने चालवत आणली आहे किंवा कोणीतरी वापरली आहे, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चालवत का आणतात? तुम्हाला हवा तो रंग, हवं ते व्हेरिएंट इथल्या स्टॉकमध्ये नसतं. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या डीलरकडे ते असतं, दोघं आपसात अदलाबदल करतात. एका गाडीसाठी ट्रेलर कोण पाठवणार? मग ड्रायव्हर जातो आणि गाडी घेऊन येतो. पुण्याहून साधारण 210, मुंबईहून 170. हे बेकायदाही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डीलरला ट्रेड सर्टिफिकेटवर, म्हणजे आपण ज्याला टीसीची पाटी म्हणतो त्यावर, दुसऱ्या डीलरकडून आपल्याकडे गाडी आणायला मुभा आहे. माझी तक्रार चालवत आणण्याबद्दल नाहीच. बुकिंग घेतानाच "ताई, या रंगाची गाडी पुण्याहून चालवत येईल, चालेल ना?" एवढं एक वाक्य विचारत नाहीत, त्याबद्दल आहे. गाडी नवी आहे की नाही याचा निवाडा माझ्या लेखी त्या एका वाक्यावर होतो, मीटरवर नाही. आधी सांगितलं तर तो सौदा. यजमानांनी मीटर वाचल्यावर सांगितलं तर ती सारवासारव.

इंजिनाचं काही बिघडलं असेल का? खरं सांगायचं तर बहुधा नाही. पहिले हजार किलोमीटर गाडी फार ताणू नये, एकाच वेगात तासन् तास पळवू नये, असं कंपनीच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं. रात्रीतून गाडी पोचवून परतीची बस पकडायची घाई असलेला ड्रायव्हर हे पाळेलच असं नाही. पण आजची इंजिनं तेवढ्याने खराब होत नाहीत. जे बिघडतं ते बाहेरून दिसणारं असतं आणि तेच नीट बघायचं.

बॉनेटच्या पुढच्या कडेवरून बोटाचं टोक हळूच फिरवा. हायवेवर ट्रकच्या मागे चाललेल्या गाडीला तिथे खडे लागतात. डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. पुढच्या काचेवर मोबाइलचा उजेड तिरपा टाका, खड्याचा बारीक तारा चमकेल. जाळीच्या आत, रेडिएटरच्या पत्र्यावर बघा. रात्री चालवून आणली असेल तर तिथे किडे चिकटलेले असतात, आणि गाडी कितीही धुतली तरी ते आतून निघत नाहीत. टायरवर नवेपणी रबराचे बारीक केस असतात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी दोनशे किलोमीटर गेली की पुढच्या टायरच्या मधल्या भागातले केस जातात, कडेचे राहतात. मग बॉनेट उघडा आणि पुढच्या मडगार्डचे बोल्ट बघा. त्यांच्या डोक्यावर कारखान्यातला रंग सलग असायला हवा. पान्याने सोललेला कोपरा किंवा तुटलेला रंग दिसला, तर ते मडगार्ड कधीतरी उतरवलं आहे. तिथे मात्र थांबा, कारण उतरवायला काहीतरी कारण घडलेलं असतं. शंका आली तर रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मिळतं. शेजारच्या दोन पत्र्यांच्या आकड्यात दुपटीचा फरक निघाला की तिथे पुन्हा रंग मारला आहे हे समजा.

टेस्ट ड्राइव्हची गाडी ओळखायची खूण वेगळी. हायवेने आलेली गाडी एकदाच, सलग चाललेली असते. टेस्ट ड्राइव्हची गाडी पाच-पाच किलोमीटर, वेगवेगळ्या हातांत फिरलेली असते. स्क्रीनवर ब्लूटूथची यादी उघडा. चार अनोळखी फोन जोडलेले दिसले तर विचारायचं काही राहिलंच नाही. ट्रिप मीटरमध्ये सरासरी वेग बघा. पुसलेला नसेल तर हायवेच्या गाडीला पन्नासच्या आसपास दिसेल, कॉलेज रोडवर फिरवलेल्या गाडीला वीस-बावीस. ड्रायव्हरच्या बाजूच्या उंबऱ्याच्या प्लॅस्टिकवर चपलांचे ओरखडे बघा, पॅडलच्या रबराची चमक बघा.

आणि कागद. हे तोंडी विचारायचं नाही, मागून घ्यायचं. पहिला कागद पीडीआयचा, त्यावर तारीख आणि त्या वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं. दुसरा दोन डीलरांमधल्या अदलाबदलीचा. तिसरा गेटपास. मी काम करायचो तिथे यार्डाच्या गेटवर वॉचमनकडे एक जाड रजिस्टर असायचं. आत आली की वेळ, चासी नंबरचे शेवटचे आकडे, मीटर. बाहेर गेली की पुन्हा तेच. त्या रजिस्टरवर कोणाचं लक्ष नसतं, म्हणून ते खरं असतं. गाडी डीलरकडे आल्यापासून तिच्या चासी नंबरावर एखादं जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉपमधल्या कामाची नोंद, उघडलंय का, हेही सर्व्हिस काउंटरला कॉम्प्युटरवर दिसतं. बघून सांगा म्हणावं.

हे सगळं एवढं ताणून का सांगतोय, त्याला आधार आहे. गोव्यात एका ग्राहकाने 2011 साली नवी गाडी म्हणून पैसे भरले आणि डीलरने दिली ती 2009 सालची, 622 किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली. तो माणूस ग्राहक मंचात गेला, जिंकला, तरी प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात पोचलं. फेब्रुवारी 2021 मध्ये निकाल लागला, तेव्हा न्यायालयाने टाटा मोटर्स या उत्पादक कंपनीला त्या जबाबदारीतून मोकळं केलं. कंपनी डीलरला गाडी विकते आणि डीलर आपल्याला, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. डीलरने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असं सिद्ध झालं नाही, तर तिला धरता येत नाही. आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. कंपनीच्या नावावर विसंबून राहू नका. जो कागद हवा तो डीलरच्या लेटरहेडवर, डीलरच्या शिक्क्यासह हवा. आणि त्या ग्राहकाची दहा वर्षं गेली, हेही लक्षात ठेवा.

आता पैशांचं. आधी गाडी बदलून मागा, तो पहिला हक्क. तोच रंग ट्रेलरने यायला तीन आठवडे लागणार असतील आणि तुम्हाला थांबता येत असेल, तर थांबा. थांबायचं नसेल आणि गाडी पाहून समाधान झालं असेल, तर घ्यायला हरकत नाही. मात्र कपात बिलावर मागा. सीट कव्हर, मॅट, टेफ्लॉन कोटिंग असलं काही नको. त्यांची छापील किंमत दहा हजार आणि खरी निम्मीसुद्धा नसते. बिलात रक्कम कमी झाली की ती खरी कमी झाली. सोबत एका पत्रावर चासी नंबर, डिलिव्हरीच्या वेळचं किलोमीटर, गाडी कुठून कशी आली, आणि ती टेस्ट ड्राइव्हला वापरलेली नाही व तिला अपघात किंवा रंगकाम झालेलं नाही, एवढी चार वाक्यं लिहून घ्या. जो डीलर खरं बोलतोय तो हे पत्र पाच मिनिटांत देतो.

ताईंच्या बाबतीत पुढे काय झालं तेही सांगतो, त्यांची परवानगी घेतली आहे. यजमान कागद मागायला गेले तेव्हा आधी टाळाटाळ झाली, पण वर्कशॉप मॅनेजरने स्वतः गेटपास काढून दिले. पुण्याच्या यार्डातून बाहेर पडताना 14, नाशिकच्या यार्डात शिरताना 229, उरलेले आठ इथल्या इथे. हिशोब तंतोतंत जुळला. ब्लूटूथची यादी कोरी होती, बोल्ट शाबूत होते. बॉनेटच्या कडेला एक टवका निघाला, तो फोटोसह पत्रात लिहून घेतला. बिलातून रक्कम कमी झाली आणि त्यांनी गाडी घेतली.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. आयुष्यभराच्या बचतीतून आणलेली वस्तू कोरी असावी असं वाटणं बरोबरच आहे. पण कागद जुळत नसते, तर दसरा जाऊ द्या, दिवाळीचा पाडवा तीन आठवड्यांवर आहे, असंच मी तुम्हाला सांगितलं असतं.

प्रश्न: दादा, माझी निफाडला द्राक्षबाग आहे. डीलर एक डिझेल गाडी 60 हजार कमी करून देतोय. मीटरवर फक्त 19 किलोमीटर आहे, पण मित्र म्हणतो गाडी जुन्या सालची आहे. किलोमीटर इतकं कमी असताना साल बघायची गरज आहे का?
– एक शेतकरी वाचक, निफाड

उत्तर: भाऊ, मित्राचं ऐका. मला विचाराल तर दोनशे किलोमीटर चालून आलेल्या ताज्या गाडीपेक्षा 19 किलोमीटरवर अकरा महिने उभी राहिलेली गाडी मी जास्त बारकाईने तपासेन. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चासी नंबरचं दहावं अक्षर आर आहे. बहुतेक कंपन्यांत हे अक्षर सालाचं असतं: पी म्हणजे 2023, आर म्हणजे 2024, एस म्हणजे 2025. महिन्याचं अक्षर प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी टाकते, त्याच्या भानगडीत पडू नका. डीलरकडून फॉर्म 21 म्हणजे विक्रीचा दाखला आधीच बघायला मागा, त्यात बांधणीचा महिना आणि साल स्पष्ट लिहिलेलं असतं आणि तेच पुढे आरसीवर येतं. टायरवर 4424 आहे, म्हणजे टायर 2024 च्या 44 व्या आठवड्यातला. टायर गाडीच्या थोडा आधी बनतो, तेव्हा गाडी नोव्हेंबर 2024 ची धरून चाला.

म्हणजे या गाडीने पूर्ण उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा यार्डात काढला. उभ्या गाडीची बॅटरी आधी मरते. सकाळी, गाडी चालू करण्याआधी मीटर लावून बघा, चांगल्या भरलेल्या बॅटरीला 12.6 व्होल्टच्या आसपास दिसतं. 12.2 च्या खाली असेल तर नवी बॅटरी मागा, चार्ज करून दिलेली नको. टायर एकाच जागी दबलेले असतात, साठच्या वेगाला स्टिअरिंगमध्ये थरथर जाणवते. दहा-पंधरा किलोमीटरने ती गेली तर ठीक, नाही गेली तर टायर बदलून घ्या. ब्रेकच्या डिस्कवर तांबूस गंज दिसेल, त्याला घाबरू नका, चार ब्रेक मारले की साफ होतो. बॉनेटखाली वायरिंगच्या जाळीवर उंदराचे दात बघा, बाजूला लेंड्या असतातच.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. चारही दरवाजांशी बसून सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ किंवा डाग आहे का बघा. यार्डात पाणी शिरलं असेल तर सीट धुतात, मॅट बदलतात, पण गुंडाळीच्या आतला पट्टा कोणी धूत नाही.

60 हजारांचं म्हणाल तर ते तुम्ही गाडी किती वर्षं ठेवणार त्यावर आहे. विकताना गिऱ्हाईक आरसीवरचं बांधणीचं साल बघतं, तुम्ही कधी घेतली ते नाही. नाशिकच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एका सालाचा फरक 60 हजारांत भागत नाही. तुम्ही बागेत आणि पिंपळगावच्या फेऱ्यांना ती दहा-बारा वर्षं हाकणार असाल, तर घ्या, फायद्यात राहाल. तीन-चार वर्षांत बदलायची सवय असेल, तर या भावात नको. अजून खाली येत असेल तर बघा.

प्रश्न: मी सातपूरला राहतो, घराशेजारीच महिंद्राचा कारखाना. तिथलीच गाडी मी नाशिकच्या शोरूममधून घेतोय. दोन-चार किलोमीटरवरून आलेल्या गाडीवर 41 किलोमीटर कसे? आणि गेटवरूनच का देत नाहीत?
– एक वाचक, सातपूर

उत्तर: कारखाना शेजारी असला म्हणून गाडी सरळ शोरूमला येत नाही. चाचण्या, कंपनीचं यार्ड, डीलरच्या नावावर बिल, डीलरचं यार्ड, वर्कशॉप असा तिचा वळसा असतो. एखादी गाडी आधी दुसऱ्या गावच्या यादीत असते आणि शेवटच्या क्षणी नाशिकला वळते. 41 मध्ये मला काही वावगं दिसत नाही. गेटवरून न देण्याचं कारण म्हणजे ग्राहकाला गाडी डीलर विकतो, कारखाना नाही. आणि डीलरलाही तात्पुरती किंवा कायमची नोंदणी झाल्याशिवाय ती तुमच्या ताब्यात देता येत नाही, तसा नियमच आहे. "नंबर नंतर पडेल, आज मुहूर्त आहे, घेऊन जा" असं कोणी म्हणालं तर नेऊ नका. रस्त्यात काही झालं तर विम्यावाला पहिला प्रश्न नोंदणीचाच विचारतो.

प्रश्न: माझ्या नव्या गाडीवर फक्त 3 किलोमीटर आहेत. मुलगा म्हणतो, इतके कमी म्हणजे मीटर बंद करून चालवली असेल. असं होऊ शकतं का? आणि डिलिव्हरीआधीचे किलोमीटर वॉरंटीतून वजा होतात का?
– एक ज्येष्ठ वाचक, गंगापूर रोड

उत्तर: काका, मुलाची शंका अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत 1987 साली क्रायस्लर कंपनीचं असंच प्रकरण बाहेर आलं. कंपनीचे अधिकारी मीटरची जोडणी काढून नव्या गाड्या घरी न्यायचे, वापरायचे, आणि नंतर त्या नव्या म्हणून विकायला जायच्या. 60 हजारांवर गाड्या होत्या, काहींना तर अपघातही झालेले. कंपनीचे अध्यक्ष ली आयकोका यांनी पत्रकारांसमोर येऊन चूक कबूल केली आणि त्या ग्राहकांना वॉरंटी वाढवून दिली. तेव्हा मीटरला एक केबल असायची, ती काढली की काटा थांबायचा.

आजच्या गाडीत केबल नाही. वेग चाकांच्या सेन्सरवरून येतो आणि बऱ्याच गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरशिवाय दुसऱ्या एखाद्या कंट्रोल युनिटमध्येही राहते. मीटरचा प्लग काढून गाडी चालवता येते, नाही असं नाही, पण मग फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी, मागे राहतात. म्हणून तुमचे 3 किलोमीटर खरेही असू शकतात, ट्रेलर थेट शोरूमच्या दारात उतरला असेल. खात्री करायची असेल तर डीलरच्याच वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावायला सांगा. इंजिन किती तास चाललं, दुसऱ्या युनिटमध्ये किलोमीटर किती, जुने फॉल्ट कोड कोणते, हे त्या त्या गाडीत जेवढं मिळतं तेवढं छापून घ्या. इंजिन पंधरा तास चाललं आणि मीटर 3 म्हणत असेल, तर मुलगा बरोबर आहे. तासभर-दोन तास दाखवत असेल तर निश्चिंत राहा, तेवढं ते पीडीआय आणि चढ-उतारातच चालतं.

वॉरंटीची मुदत तुम्हाला गाडी विकल्याच्या तारखेपासून धरतात, बनल्याच्या नाही. किलोमीटरची मर्यादा मात्र मीटरवरच्या आकड्याने मोजतात, त्यामुळे आधीचे किलोमीटर तुमच्याच खात्यात जातात. लाख किलोमीटरच्या वॉरंटीत तीन काय नि दोनशे काय, त्याने फरक पडत नाही. पहिली सर्व्हिस हजार किलोमीटरला असेल तर दोनशेंनी पडतो, ती थोडी लवकर येईल एवढं ध्यानात असू द्या. वॉरंटी कार्डावर विक्रीची तारीख आणि शिक्का डिलिव्हरीच्या वेळीच बघून घ्या. तारीख मागची टाकलेली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

तुमची गाडी आधीच पास झाली आहे असं तुम्ही लिहिलंय. स्कॅनरमध्ये गडबड निघाली तर डीलरला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. 10 ते 20 लाखांच्या गाडीला तक्रारीची फी 400 रुपये आहे, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. स्कॅनरचा छापील कागद, पीडीआयचा कागद आणि बिल, या तिन्हींच्या दोन-दोन प्रती आजच काढून ठेवा.